दोन कोटी वर्षांचा रक्तगट

मुंबईजवळच्या फुलपाड्यातल्या एखाद्या लॅबमध्ये रक्तगट तपासताना नीट बघा. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब, एकात निळं अँटी-ए सीरम, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी. काडीनं ढवळलं की एखाद्या थेंबात लाल कण गोळा होऊन बारीक गुठळ्या दिसू लागतात. निळ्यात गुठळ्या झाल्या तर ए, पिवळ्यात बी, दोन्हींत एबी, कुठंच नाही तर ओ.

ए आणि बी यांच्यातला हा फरक माणसाहून कितीतरी जुना आहे. ए आणि बी म्हणजे पेशींवरच्या दोन वेगळ्या साखरा. त्या बसवणाऱ्या एन्झाइममध्ये ३५४ अमिनो आम्लं ओळीनं ओवलेली असतात, माळेतल्या मण्यांसारखी. त्यातल्या मुख्यतः २६६व्या आणि २६८व्या मण्यावर ठरतं की साखर एची बसणार की बीची. २०१२ मध्ये लॉर सेगुरेल, मॉली प्रेझवोर्स्की आणि सहकाऱ्यांनी हे जनुक अनेक वानरकुळांत तपासलं. माणसात आणि गिबनमध्ये ए-बीचा हा फरक एकाच पूर्वजाकडून आला आहे आणि तो किमान दोन कोटी वर्षं टिकून आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. एवढ्या काळात किती प्रजाती झाल्या नि गेल्या, पण ए आणि बी दोघंही तगून राहिले!

का राहिले असतील? त्याचा धागा माकडात सापडतो. फुलपाड्याच्या डोक्यावर जीवदानीचा डोंगर, पलीकडे तुंगारेश्वरचं रान. तिथल्या लाल तोंडाच्या माकडांतही ए-बी आहेत, पण तांबड्या पेशींवर नाहीत. ते लाळेत आणि आतड्याच्या अस्तरात असतात. म्हणजे जंतू शरीराला पहिल्यांदा भिडतात तिथंच. मला यातली ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. ज्याला आपण रक्ताचा गट म्हणतो, तो मुळात रोगांशी चाललेल्या झुंजीचा भाग असावा. रक्तावर तो नंतर आला. एखादा जंतू एका साखरेला धरायला शिकला, तरी दुसरी साखर असलेले वाचतात. म्हणून कळपात दोन्ही असणं फायद्याचं.

या झुंजीचा एक अध्याय आपल्या मुंबईत उघडला. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नवा गट नोंदवला. टाइलवर हे रक्त ओसारखंच दिसतं, पण त्याचं सीरम ओ रक्ताच्या पेशींनाही गोळा करतं. ए आणि बी ज्या एच नावाच्या पायाभूत साखरेवर चढतात, तीच या लोकांत नसते. जगभर याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. युरोपात तो दहा लाखांत एखाद्यात, भारतात साधारण १०,००० जणांत एकात आढळतो.

एच बनवणारी जनुकं दोन: एक तांबड्या पेशींसाठी, दुसरं लाळ आणि आतड्यासाठी. भारतातल्या नेहमीच्या बॉम्बे गटात पहिल्यात एका अक्षराची चूक असते आणि दुसरं गळूनच गेलेलं असतं. या गळण्याचा फायदाही आहे. जुलाब-उलट्या आणणाऱ्या नोरोव्हायरसच्या नेहमीच्या जातींना आतड्यात चिकटायला हीच साखर लागते. ती नसेल तर त्यांचं फारसं चालत नाही. किंमत मात्र जबर आहे. या माणसाला साधं ओ रक्त चढवलं तर ते जिवावर बेतू शकतं. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

म्हणून एक विनंती. तुमचा गट ओ असेल आणि तपासणी फक्त टाइलवर झाली असेल, तर रक्तपेढीत सीरमची उलट तपासणीही ओ पेशींसह करून घ्या. बॉम्बे गट निघाला तर सख्ख्या भावंडांचं रक्त लगेच तपासा, कारण त्यांच्यातही तो असण्याची शक्यता साधारण चारात एक असते. आणि दाता म्हणून रक्तपेढीत नाव नोंदवा.