झोपण्यापूर्वी जरूर वाचा, पण कशावर?

जुन्नर आणि आंबेगावच्या ऊस पट्ट्यात दिवस मावळला की बिबट्याच्या धास्तीने मळ्यातली दारे लवकर लागतात. जेवणे उरकली की घरातला प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये असतो. कुणी नारायणगावच्या बाजारातला टोमॅटोचा भाव पाहतो, कुणी शेतीपंपाच्या विजेची पाळी. दहावी-बारावीची मुले पीडीएफ वाचतात. पहाटे पाचला उठायचे असूनही डोळा लागायला बारा वाजतात. मग ‘मोबाइल ठेव, पुस्तक वाच’ असा सल्ला मिळतो, आणि त्यातून नवा प्रश्न निघतो: ई-रीडर घेतला तर झोप सुधारेल का?

प्रकाश झोपेवर काय परिणाम करतो?

अंधार पडू लागला की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक सोडू लागते. ‘रात्र झाली’ असा निरोप ते शरीराला देते. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्यांचे मुख्य काम चित्र दाखवणे नसून उजेड मोजून मेंदूतील घड्याळाला कळवणे हे असते. या पेशी सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. मोबाइल, टॅबलेट आणि पांढऱ्या एलईडी दिव्यांत हा निळसर भाग बराच असतो.

बोस्टनमधील संशोधकांनी याची तपासणी केली. १२ निरोगी तरुणांनी प्रयोगशाळेत राहून पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास पूर्ण उजेडातल्या टॅबलेटवर वाचले आणि पाच रात्री मंद दिव्यात कागदी पुस्तक वाचले. टॅबलेटच्या रात्री मेलाटोनिन निम्म्याहून अधिक घटले, शरीराचे घड्याळ सुमारे दीड तास मागे सरकले आणि झोप लागायला जवळपास दहा मिनिटे जास्त लागली. सकाळची मरगळही वाढली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा दाखला आजही सर्वत्र दिला जातो. मात्र माणसे थोडी होती आणि रोज चार तास पूर्ण उजेडात कुणी वाचत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे.

दुसरी बाजू स्वीडनमधील २०१६ च्या अभ्यासातून पुढे आली. तिथे १४ तरुणांना आधी साडेसहा तास लख्ख उजेडात ठेवले. त्यानंतर रात्री दोन तास टॅबलेटवर वाचूनही त्यांच्या मेलाटोनिनवर किंवा झोपेवर कागदी पुस्तकापेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही. म्हणजे दिवसा भरपूर उजेड मिळाला, तर रात्रीच्या थोड्या उजेडाने घड्याळ सहजासहजी बिघडत नाही. भर उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स इतका उजेड असतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली जेमतेम शे-दोनशे. दिवसभर रानात राबणाऱ्याला हे संरक्षण आपोआप मिळते. दुकानात, कार्यालयात किंवा अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्याला ते मिळत नाही.

उजेडापेक्षा मजकूर जागवतो

२०२४ मध्ये अमेरिकेतील झोपतज्ज्ञांच्या एका गटाने उपलब्ध संशोधन तपासले. मुले आणि किशोरवयीनांच्या झोपेला पडद्यामुळे, विशेषतः त्यावरच्या मजकुरामुळे बाधा येते, यावर त्यांचे एकमत झाले. प्रौढांमध्ये पडद्याचा उजेडच झोप बिघडवतो का, यावर मात्र झाले नाही. भाव पडल्याची बातमी, गटातला वाद, न संपणाऱ्या चित्रफिती यांनी मन जागे राहते. मोबाइलवर पुस्तक उघडले तरी मधेच निरोप येतो आणि वाचन तिथेच थांबते.

शांत वाचन मात्र उपयोगी दिसते. आयर्लंडमध्ये ९९१ जणांवर झालेल्या प्रयोगात आठवडाभर अंथरुणात पुस्तक वाचणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांनी झोप सुधारल्याचे सांगितले. न वाचणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते.

ई-रीडर वेगळा कसा?

त्याच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण. पान उलटताना हे कण वर-खाली होतात आणि अक्षरे उमटतात. हा पडदा स्वतः उजेड देत नाही. कागदासारखा बाहेरचा उजेड परतवतो. पान स्थिर असताना त्याला वीज जवळजवळ लागत नाही, म्हणून एकदा चार्ज केला की तो कित्येक दिवस चालतो. वीज गेली तरी वाचन थांबत नाही. बहुतेक नव्या यंत्रांत कडेला छोटे दिवे असतात. त्यांचा उजेड डोळ्यांवर नव्हे, तर पानावर पडतो. तो पूर्ण वाढवला तर फायदा कमी होतो.

घेताना काय पाहाल?

• पडदा इंचाला ३०० ठिपक्यांचा असावा. आपली जोडाक्षरे आणि रफार कमी ठिपक्यांत पुसट दिसतात.
• उजेडाचा रंग पिवळसर करता यावा.
• मराठी पुस्तक उघडून जोडाक्षरे नीट दिसतात का, अक्षरे मोठी करता येतात का, हे दुकानातच पाहा. काही विक्रेत्यांची मराठी ई-पुस्तके फक्त त्यांच्याच मोबाइल अ‍ॅपमध्ये उघडतात, हेही आधी विचारा.
• सहा इंची पडद्यावर पीडीएफ बारीक दिसते. अभ्यासाच्या पीडीएफसाठीच घ्यायचा असेल तर मोठा पडदा घ्या, नाहीतर पानांच्या छापील प्रती काढा.
• पश्चिम पट्ट्यातल्या गावांत रेंज कमी असते. बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पुस्तके उतरवून घेतली की पुढे इंटरनेट लागत नाही.

जवळ वाचनालय असेल आणि डोक्यावर मंद पिवळा दिवा असेल, तर हजारो रुपये खर्चायची गरज नाही. डोक्यावरच्या लख्ख पांढऱ्या दिव्यात वाचलेले कागदी पुस्तकही निळसर उजेडाखालीच वाचलेले असते.

मोबाइल झोपण्यापूर्वी तासभर आधी दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. गजरासाठी साधे घड्याळ पुरते. रात्रपाळीच्या विजेवर दारे धरून आलेल्याने घरी येऊन मोबाइल उघडू नये, सरळ आडवे व्हावे. आठवड्यातून तीन रात्री, सलग तीन महिने झोप लागत नसेल, किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर दोष पडद्याचा नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जा.