एच.एम.एस. ब्रूक (१९१४)

एच.एम.एस. ब्रूक ही ब्रिटिश राजेशाही आरमाराची पहिल्या महायुद्धातील एक विनाशिका होती. इंग्लंडमध्ये चिली देशासाठी तिची बांधणी सुरू झाली, महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनने ती विकत घेतली आणि युद्ध संपल्यावर ती पुन्हा चिलीकडे गेली. जटलंडची लढाई (१९१६) आणि डोव्हरच्या सामुद्रधुनीतील दुसरी लढाई (१९१७) या दोन रात्रींच्या झुंजींमुळे ती विशेष ओळखली जाते. इंग्रजी अक्षरांवरून तिचे नाव ‘ब्रोक’ असे वाचले जाण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्याचा उच्चार ‘ब्रूक’ असा होतो.

हे नाव सर फिलिप ब्रूक या नौदल अधिकाऱ्यावरून देण्यात आले. १ जून १८१३ रोजी बॉस्टनच्या किनाऱ्यालगत ‘शॅनन’ या ब्रिटिश युद्धनौकेने अमेरिकेची ‘चेसापीक’ ही युद्धनौका अवघ्या पाव तासात जिंकून घेतली. त्या वेळी कप्तान ब्रूक स्वतः शत्रूच्या डेकवर चढून गेला होता. शंभर वर्षांनंतर त्याच्या नावाच्या विनाशिकेवरही तशीच हातघाईची वेळ यावी, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

बांधणी

अर्जेंटिनाशी असलेल्या नाविक स्पर्धेमुळे चिलीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडमधील काउज येथील जे. सॅम्युएल व्हाइट या गोदीकडे सहा मोठ्या विनाशिकांची मागणी नोंदवली. त्यांपैकी दोन युद्धापूर्वीच चिलीला पोहोचल्या. उरलेल्या चार ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनने खरेदी केल्या आणि त्यांना फॉकनर, ब्रूक, बोथा व टिपरेरी अशी नावे दिली. ‘अल्मिरांते गोनी’ या चिलियन नावाने मे १९१४ मध्ये पाण्यात उतरलेली नौका ती हीच ब्रूक. वर्ष संपण्यापूर्वी ती ब्रिटिश सेवेत दाखल झाली.

सुमारे ३३० फूट लांबीची ही नौका तत्कालीन सर्वसाधारण विनाशिकांहून बरीच मोठी होती. तिच्यावर ४ इंची सहा तोफा आणि पाणतीर सोडण्याच्या नळ्या होत्या. वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या या नौकेचा वेग ताशी ३१ सागरी मैलांच्या आसपास होता. नाविकांची संख्या सुमारे दोनशे होती. आकार मोठा असल्यामुळे तिचा उपयोग विनाशिकांच्या तांड्याची अग्रणी नौका म्हणून करण्यात आला.

जटलंडची रात्र

३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रात ब्रिटिश व जर्मन आरमारांची गाठ पडली तेव्हा ब्रूक चौथ्या विनाशिका तांड्यात होती. तिचे नेतृत्व कमांडर वॉल्टर ॲलन याच्याकडे होते. दिवसाच्या तोफयुद्धात या तांड्याला फारसा वाव मिळाला नाही. अंधार पडल्यावर मात्र मायदेशी परतू पाहणाऱ्या जर्मन युद्धनौकांची रांग नेमकी त्याच्यावर येऊन आदळली. पहिल्याच चकमकीत अग्रणी टिपरेरी आगीत सापडली आणि तांड्याचा प्रमुख कॅप्टन विंटूर मारला गेला. उरलेल्या नौका गोळा करण्याचे काम ॲलनवर आले.

रात्री पावणेबाराच्या सुमारास समोर मोठ्या नौकांच्या आकृती दिसू लागल्या. त्या आपल्या की शत्रूच्या, हे ठरवण्यासाठी ओळखीची खूण विचारावी लागे. पण जो आधी विचारी तोच आधी उघडा पडे. ब्रूक खूण विचारण्याच्या बेतात असतानाच जर्मन शोधदिव्यांचा झोत तिच्यावर पडला आणि काही क्षणांत गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला. चक्रधर चक्र फिरवीत असतानाच ठार झाला. सुकाणू एका बाजूला वळलेलेच राहिले, इंजिनखोलीशी असलेला संपर्क तुटला आणि नौका भरवेगात वळून आपल्याच तांड्यातील ‘स्पॅरोहॉक’वर जाऊन धडकली.

दोन्ही नौका एकमेकींत रुतल्या असताना विलक्षण घोटाळा झाला. आपली नौका बुडणार असे दोन्ही कप्तानांना वाटले आणि दोघांनीही आपल्या काही माणसांना दुसऱ्या नौकेवर जाण्यास सांगितले. त्यामुळे स्पॅरोहॉकचे सुमारे वीस नाविक ब्रूकवर आले, तर ब्रूकचे पंधराएक स्पॅरोहॉकवर गेले. तेवढ्यात मागून आलेल्या ‘कॉन्टेस्ट’ने स्पॅरोहॉकच्या पिछाडीचा काही फूट लांबीचा भाग कापून नेला. स्पॅरोहॉकला वाचवणे अशक्य ठरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिटिशांनीच ती बुडवली.

ब्रूकचा नाळेकडचा भाग चिरडला होता आणि चाळीसहून अधिक नाविक मरण पावले होते. तशा स्थितीत ती एकाकी, संथ गतीने इंग्लंडकडे निघाली. २ जून रोजी वादळी वारा सुटला. फुटलेल्या नाळेवर लाटा घेणे म्हणजे जलसमाधी. म्हणून तिला तोंड फिरवून काही काळ चक्क शत्रूच्या किनाऱ्याच्या दिशेने जावे लागले. वारा उतरल्यावर ती पुन्हा वळली आणि टाइन नदीच्या मुखाशी सुखरूप पोहोचली. या परतीच्या प्रवासाला इतिहासलेखनात फारसे स्थान मिळालेले नाही; नाविक कौशल्याच्या दृष्टीने तो तिच्या कोणत्याही लढाईहून कमी नव्हता.

डोव्हरची सामुद्रधुनी

दुरुस्तीनंतर ब्रूकची नेमणूक डोव्हरच्या गस्ती दलात झाली. फ्रान्समधील ब्रिटिश सैन्याची माणसे आणि रसद याच चिंचोळ्या पाण्यातून जात असे, आणि बेल्जियमच्या व्यापलेल्या किनाऱ्यावरील बंदरांतून जर्मन नौका तेथे अचानक छापे घालीत. या काळात ब्रूकचा कप्तान होता कमांडर एडवर्ड इव्हान्स. रॉबर्ट स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत (१९१०–१३) हाच इव्हान्स त्याचा दुय्यम होता.

२० एप्रिल १९१७ च्या रात्री जर्मन विनाशिकांच्या तुकड्यांनी कॅले आणि डोव्हर या शहरांवर तोफा डागल्या. मध्यरात्र उलटल्यावर गस्तीवरील ‘स्विफ्ट’ आणि ‘ब्रूक’ या दोन नौकांना सहा जर्मन नौका विरुद्ध दिशेने येताना दिसल्या. अंतर काहीशे यार्डांचेच होते. स्विफ्टचा कमांडर पेक याने धडक देण्याचा प्रयत्न केला. तो हुकला आणि स्विफ्ट शत्रूच्या रांगेतून पलीकडे निघून गेली. पाणतीराचा मारा मात्र ‘जी ८५’ या नौकेला लागला. ब्रूकने ‘जी ४२’ला मध्यभागी धडक दिली आणि तिची नाळ शत्रूनौकेत रुतून बसली.

जर्मन नाविक ब्रूकच्या पुढच्या डेकवर चढू लागले. तोफांचा उपयोग संपला. बंदुका, संगिनी, पिस्तुले आणि आखूड तलवारी बाहेर आल्या. डोळ्याला जखम झालेला मिडशिपमन डोनाल्ड गाइल्स हा तरुण अधिकारी पिस्तूल घेऊन त्यांच्या अंगावर धावून गेला. थोड्याच वेळात ब्रूक मोकळी झाली व जी ४२ बुडाली. जी ८५ देखील वाचली नाही. ब्रूकवर सुमारे वीस माणसे मृत्युमुखी पडली. तिची इंजिने बंद पडून तिला ओढत बंदरात आणावे लागले.

या चकमकीत चक्रावर असलेल्या विल्यम रॉल्स या नाविकाच्या पायांना चार गंभीर जखमा झाल्या होत्या, तरीही धडक बसेपर्यंत त्याने चक्र सोडले नाही. जटलंडच्या रात्री चक्रधर पडताच नौका स्वकीयांवर कोसळली होती, हे लक्षात घेतले म्हणजे रॉल्सला मिळालेल्या शौर्यपदकाचे महत्त्व कळते.

ब्रिटिश वृत्तपत्रांनी या लढाईचा मोठा गाजावाजा केला आणि इव्हान्सला ‘ब्रूकचा इव्हान्स’ हे बिरुद कायमचे चिकटले. १९४५ मध्ये तो लॉर्ड माउंटइव्हान्स झाला. सामुद्रधुनीवरील जर्मन छापे फेब्रुवारी १९१८ पर्यंत थांबले, हा या विजयाचा खरा लाभ. मात्र त्याच एप्रिलमध्ये जर्मन पाणबुड्यांनी साडेआठ लाख टनांहून अधिक व्यापारी जहाजे बुडवली आणि अनेक पाणबुड्या याच सामुद्रधुनीतून ये-जा करीत राहिल्या. तो धोका दोन विनाशिकांच्या धाडसाने टळणारा नव्हता.

चिलीकडे परत

१९२० मध्ये ब्रूक चिलीला विकण्यात आली. तेथे तिला ‘अल्मिरांते उरीबे’ असे नवे नाव मिळाले. लुईस उरीबे हा १८७९ मधील इकीकेच्या लढाईत ‘एस्मेराल्दा’ या नौकेवरील दुय्यम अधिकारी होता. पेरूच्या ‘वास्कार’ नौकेने धडक देताच कप्तान आर्तुरो प्रात शत्रूच्या डेकवर उडी मारून मारला गेला व नौकेची सूत्रे उरीबेकडे आली. चिलीच्या आरमारात आणखी काही वर्षे काढून ही नौका १९३३ मध्ये सेवेतून कमी झाली.

ब्रिटिश आरमारात हे नाव नंतर दुसऱ्या एका विनाशिकेस देण्यात आले. ती नौका नोव्हेंबर १९४२ मध्ये अल्जीयर्स बंदराच्या तोंडाशी बांधलेला अडसर धडक देऊन तोडताना आत शिरली, किनाऱ्यावरील तोफांनी जबर जखमी झाली आणि नंतर समुद्रात बुडाली. दोन्ही नौकांची गल्लत होऊ नये.