वरच्या पट्टीचा हट्ट

हिंगणघाट तालुक्यातले वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे, आणि वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावासारखेच तिथेही गाणे म्हटले की आधी भजन डोळ्यांपुढे येते. या भागाच्या कानावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा ठसा आहे. महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारले, १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून ते तेव्हाच्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, महिनाभर राहिले, आणि पुढे गुरुदेव सेवा मंडळांमधून सामुदायिक प्रार्थना व भजन विदर्भाच्या गावागावांत रुजले. संगीताच्या शिक्षणाचा खर्च न परवडणाऱ्या माणसाला या मंडळांनी गाता केले, हे त्यांचे मोठे काम. पण त्याबरोबर एक समजूतही रुजली: गळा मोकळा करायचा तर पट्टी चढवायची, जोर लावायचा, घसा बसला तरी थांबायचे नाही; तो फुटून पुन्हा जुळला की पक्का होतो. मग पुढे कधीतरी तोच गळा खरखरू लागतो, तार षड्जाला फाटतो, आणि दोष वयाला दिला जातो. मराठी गायनाच्या गेल्या सुमारे दीडशे वर्षांकडे वळून पाहिले तर ही समजूत टिकत नाही. या काळात जे आवाज घडले आणि शेवटपर्यंत गाते राहिले, ते आपली मर्यादा ओळखून वापरले गेलेले आवाज होते.

जोराचे महत्त्व कुठून आले हे समजण्यासारखे आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले तेव्हा माईक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचे तर साथीची वाद्ये आणि नटाचा गळा एवढेच साधन. भाऊराव कोल्हटकरांच्या चढ्या, खुल्या आवाजाने महाराष्ट्र वेडा झाला तो याच काळात. पण त्यांच्याच किर्लोस्कर नाटक मंडळीतल्या भास्करबुवा बखल्यांची गोष्ट आपण पुरेशी लक्षात घेत नाही. बालनट म्हणून नावाजलेल्या या मुलाचा आवाज फुटला आणि नाटकातले त्याचे स्थान गेले. नंतर बडोद्याला फैज महंमद खाँ, पुढे नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा गुरूंकडे वर्षानुवर्षे शिकून त्यांनी जो आवाज उभा केला, त्या आवाजाने पुढच्या पिढीला शिकवले. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव त्यांचेच शिष्य. म्हणजे जन्मजात आवाज गेला होता, आणि उपयोगी पडला तो घडवलेला.

अल्लादिया खाँसाहेबांचे उदाहरण याहून बोलके आहे. तरुणपणी आमलेटा संस्थानात राजाच्या हौसेखातर त्यांना दिवसामागून दिवस अखंड गावे लागले, आणि त्या अतिश्रमाने त्यांचा आवाज गेला. तो परतला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. खाँसाहेबांनी गेलेल्या आवाजाचा पाठलाग केला नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी, लयीशी बांधलेली, वक्र आणि पेचदार तानांची गायकी त्यांनी रचली. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाने आणि पुढे मुंबईत ती बहरली, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून देशभर पोचली. जयपूर-अत्रौली गायकीच्या मुळाशी अतिवापराने झालेली इजा आहे, ही वस्तुस्थिती आवाज ‘फोडून पक्का’ करण्याच्या समजुतीला मोठे उत्तर आहे.

यावर आक्षेप ठरलेला असतो: जुने गवई दिवसाला आठ-आठ तास मेहनत करीत, त्यांचे काय बिघडले? एक तर आपल्याला नावे ठाऊक आहेत ती तगून राहिलेल्यांची. त्याच मेहनतीत ज्यांचे गळे गेले, ते पेटीवर, तबल्यावर किंवा घरी बसले; त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. दुसरे असे, की त्या आठ तासांत काय होत असे हे पाहायला हवे. पहाटेचा खर्ज घ्या. तंबोरा जुळवून, पाठ ताठ पण खांदे सैल ठेवून गाणारा मध्य षड्जावरून एकेक सूर खाली उतरतो, मंद्र पंचमावर किंवा त्याच्याही खाली थांबतो, आणि जबडा न ताणता आकार धरून ठेवतो. आवाज शेजारच्या खोलीत जेमतेम ऐकू यावा एवढाच. या सुरांवर स्वरपट्टे सैल आणि जाड असतात, त्यांना हलवायला श्वासाचा दाब कमी लागतो आणि त्यांचा एकमेकांवरचा आघात सौम्य असतो. इथे जोर लावला की सूर लगेच घोगरा होतो किंवा तुटतो, म्हणून खर्ज हा आपोआप जोर काढून टाकणारा व्यायाम आहे. त्यातून वर चढत गेलेला सूर दमसास राखून चढतो. शिवाय बराच वेळ गुरू समोर बसलेला असे. चुकीचा लागलेला सूर तिथल्या तिथे थांबवला जाई. ही मेहनत आणि रात्री अकरा वाजता भोंग्याखाली तीन तास ओरडणे यांत तासांखेरीज काहीही समान नाही.

पट्टीचा हिशेब तर सरळ आकड्यांत मांडता येतो. पुरुषांना साधारणपणे काळी एक ही पट्टी सोयीची मानली जाते. त्या पट्टीतल्या तार षड्जाला स्वरपट्टे सेकंदाला सुमारे २७७ वेळा एकमेकांवर आपटतात. भजनात पट्टी काळी चारला नेली, आणि ती सर्रास नेली जाते, की तोच तार षड्ज सुमारे ४१५ वर जातो. बोलताना पुरुषाचे स्वरपट्टे सेकंदाला शे-सव्वाशे वेळा हलत असतात, हे लक्षात घेतले की दीड-दोन सेंटिमीटरच्या या अवयवाकडून आपण काय मागतो ते कळते. उंच सूर स्वतःहून वाईट नाही. पट्टे नीट ताणून, हलक्या दाबाने तो लावता येतो. पण ते तंत्र ज्याला शिकवलेले नाही तो मानेच्या शिरा ताणून, हनुवटी वर करून, श्वास कोंडून तिथवर पोचतो. असे रोज झाले की पट्ट्यांच्या कडेला आधी सूज आणि मग गाठी येतात. घसा खाकरण्याची सवय त्यात भर घालते, कारण खाकरताना पट्टे गाण्याहून जोरात आपटतात.

हे सगळे आपल्याकडे शास्त्र म्हणून मांडण्याची सुरुवात मुंबईत झाली. पाश्चात्त्य देशांत मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये आरशांच्या मदतीने स्वतःचे स्वरयंत्र गाताना पाहिले होते. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत आपले संगीत विद्यालय काढले, पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला, आणि आवाज जोपासण्याचा प्रश्न हिंदुस्थानी गायकाच्या अंगाने हाती घेतला. त्यांच्याच विद्यालयात वाढलेल्या कुमार गंधर्वांना १९४० च्या दशकाच्या अखेरीस क्षयाने गाठले. देवासला काही वर्षे गाणे पूर्ण बंद होते. ते पुन्हा गायला बसले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी होते, आणि त्यांनी त्या श्वासाला बेताची अशी लहान, नेमकी, धारदार स्वरवाक्ये रचली. किशोरी आमोणकरांचाही आवाज तरुणपणी काही काळ गेला होता, आणि उपचार व संयम यांनी तो परत आला. पुढे अशोक दा. रानडे यांनी गायक, नट, वक्ते अशा सगळ्यांच्या आवाजाचा विचार एकत्र मांडला. एवढी परंपरा आपल्याच भाषेत असताना आवाजसाधना ही परदेशी गोष्ट आहे, ऑपेराचे नियम आपल्याला लागू नाहीत, असे म्हणणे योग्य नाही. ऑपेराच्या गायकाला माईकशिवाय मोठा वाद्यवृंद भेदायचा असतो, आपल्याला नाही. तेवढा फरक जरूर करावा. स्वरयंत्र मात्र सगळ्यांचे एकाच रचनेचे आहे.

मग हे ज्ञान वडनेरसारख्या गावापर्यंत का आले नाही? विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत सामान्य घरांत नेले आणि पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा लहान शहरांपर्यंत पोचल्या. त्यांचे ऋण फार मोठे आहे. पण वर्ग म्हटला की एक पेटी, एक पट्टी आणि वीस विद्यार्थी. त्यांत बारा वर्षांची मुलगी असते, आवाज फुटत असलेला चौदा वर्षांचा मुलगा असतो आणि चाळिशीतली गृहिणीही. परीक्षेत राग, बंदिश, ताना, ताल यांना गुण असतात. कोणाचा सूर कोणत्या पट्टीत सुखाने लागतो हे तपासायला वर्गात वेळच नसतो. आवाज फुटणाऱ्या मुलांचे यात सर्वांत मोठे नुकसान होते. त्या वर्ष-दोन वर्षांत स्वरयंत्र झपाट्याने वाढते, काल लागलेला सूर आज सापडत नाही. अशा वेळी पट्टी उतरवून, थोडेच सूर, हळू आवाजात गाऊ दिले तर पुढे चांगला पुरुषी आवाज हाती लागतो. त्याऐवजी ‘गळा गेला’ म्हणून मुलाच्या हाती टाळ दिले जातात, आणि तो पुन्हा गायला बसत नाही.

लोकसंगीताच्या बाजूने येणारा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पोवाडा, गोंधळ, भारूड यांचा आवाज चढाच असायला हवा. तो मऊ केला तर त्यातला प्राण जाईल. हे मला पूर्ण मान्य आहे. पण शाहीर साबळे किंवा विठ्ठल उमप यांचा पहाडी आवाज दशकानुदशके टिकला तो ओरडून नव्हे. त्या गाण्यात शब्द पुढे फेकलेला असतो, तोंड मोकळे असते, ओळ संपली की झिलकरी ती उचलतात आणि मुख्य गायकाला श्वास मिळतो. ही विश्रांती त्या प्रकाराच्या रचनेतच आहे. भजनातही ती आहे: मुख्य गायकाने चरण म्हणायचा, मंडळीने ध्रुपद धरायचे. दोन्ही एकट्यानेच, माईक तोंडाशी धरून रेटण्याची सवय अलीकडची आहे. माईकने खरे तर गळ्यावरचे ओझे उतरायला हवे होते. झाले उलटे: भोंगा वाढला, खंजिरी आणि ढोलक वाढले, स्वतःचा सूर स्वतःला ऐकू येईना, आणि ज्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही तो माणूस नकळत जोर वाढवतो.

भजन भक्तीसाठी असते, सुरासाठी नाही, असेही म्हटले जाते. पण तुकडोजी महाराजांनी माणसे जमवली ती गाऊनच. ज्याच्या गळ्यातून विचार पोचायचा, त्याचा गळा जपणे हा त्या सेवेचाच भाग ठरतो. त्यात आपल्या हवेची अडचण आहे. वर्ध्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो, कापसाच्या हंगामात धूळ आणि तंतू श्वासात जातात. गाताना मधेच ढोसलेले पाणी अन्ननलिकेत उतरते, स्वरपट्ट्यांना लागत नाही. खडीसाखर आणि ज्येष्ठमधही घशालाच आराम देतात. म्हणून पाणी दिवसभर प्यावे लागते, आणि कोरड फार असेल तर साध्या पाण्याची वाफ घ्यावी. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात ठेवून भजनाला बसणे तर तोंडाला आणि गळ्याला दोन्हीकडून घातक आहे, आणि त्याबद्दल मंडळींनी आपसांत स्पष्ट बोलायला हवे. आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर काढे पुरे करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र पाहून घ्यावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय याच जिल्ह्यात आहे.

राहतो प्रश्न पट्टी उतरवण्याचा, आणि तिथे विरोध होतो तो मंडळींच्या कानाचा. काळी चारची सवय झालेल्या कानाला काळी दोन एकदम मंद, पडेल वाटते. म्हणून पेटीवाल्याने ती एका रात्रीत उतरवू नये. आधी पांढरी पाच, काही आठवड्यांनी काळी तीन, मग पांढरी चार, अशी एकेक पायरी घ्यावी. स्केल चेंजर पेटी असेल तर बोटे तीच राहतात, फक्त पट्टी सरकवायची असते. पहिल्या अर्ध्या तासात खालच्या सुरांतले अभंग ठेवावेत, चढी पदे घसा तापल्यावर, आणि शेवटच्या आरतीला पट्टी पुन्हा चढवण्याचा आग्रह सोडावा, कारण थकलेल्या गळ्याला सर्वाधिक इजा त्या शेवटच्या दहा मिनिटांतच होते.