न दुखणारी गाठ

अंगणवाडीचं दार आतून लावलंय. खिडकीवर चादर ताणलीय. बाहेर पोरांचा दंगा चाललाय. सतरंजीवर वीसेक बायका, समोर उपकेंद्राच्या सिस्टर आणि त्यांच्या पुढ्यात सिलिकॉनची छाती. सुरुवातीला नुसती खिदळखिदळ. सिस्टर कुणाला गप्प करत नाहीत. हसून घेतलं की लाज निम्मी उतरते, हे त्यांना ठाऊक असावं.

"यात गाठी आहेत. शोधा बघू."

पहिलीच बाई तो मऊ गोळा चिमटीत धरते. "ही गाठ! ही पण गाठ!"

"चिमटीत धरलं की सगळंच गाठीसारखं लागतं," म्हणत सिस्टर तिची मधली तीन बोटं सपाट टेकवतात. टोकं नाहीत, पेरं. गोल फिरवत आधी हलकं, मग जरा दाबून, मग थेट बरगडीपर्यंत. गळ्याच्या हाडापासून खाली, पुन्हा वर, शेतात तास धरावं तसं, शेवटी काख. बोटं एके जागी थबकतात. हरभऱ्याएवढी, खोलवर. बाईचं हसू थांबतं. "आहे गं!"

मागून एक आजी विचारतात, "दुखत नसंल तर कशाला डाक्टरकडं?"

सिस्टर मॉडेल बाजूला ठेवतात. "आजी, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. बायका दुखायची वाट बघत बसतात. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते डॉक्टरांनी सांगायचं."

मग आरशातल्या खुणा: कातडीला पडलेली खळी, आत ओढलेलं बोंड, त्यातून येणारं रक्ताळ पाणी. पाळी सुरू झाल्यावर सात ते दहा दिवसांनी बघायचं. पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख धरायची.

नुसत्या स्वतःच्या बोटांवर भिस्त ठेवून मात्र भागत नाही. शांघायच्या कापड गिरण्यांत अडीच लाखांवर कामगार बायकांचा अभ्यास झाला; ज्यांना हे शिकवलं त्यांच्यातले मृत्यू काही घटले नाहीत. उलट मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानं प्रशिक्षित सेविकांकडून दर दोन वर्षांनी तपासणी करवली, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. २०२१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

कोपऱ्यात आशाताई फॉर्म भरून घेतायत. आजी विचारतात, "पैसे किती?"

काहीच नाही. तिशी ओलांडलेल्या बाईची ही तपासणी सरकारी उपकेंद्रात फुकट होते. जाऊन या.