म्हसळ्याचे मत कुणाच्या खिशात?

निवडणूक आली की शहरातले पत्रकार कोकणात उतरतात. स्टँडवर चहा पितात आणि लिहितात, ‘इथली मुस्लिम मते अमुक पक्षाकडे.’ रायगड जिल्ह्यातले म्हसळा हे तालुक्याचे लहानसे गाव. मासळी, भात, आंबा-सुपारी आणि परदेशातून येणारा पैसा यांवर चालणारे. इथल्या मतांचा हिशेब इतका सोपा नाही.

या तालुक्यातले आंबेत हे बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांचे गाव. १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री झाले. निराधारांना आधार देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली, आणि कुलाब्याचे रायगड असे नामांतरही त्यांच्याच काळातले. त्या पिढीतल्या अनेकांना पक्षाचे नाव नंतर आठवते, ‘आमचे बॅरिस्टर’ आधी. श्रीवर्धन मतदारसंघाने त्यांना अनेकदा विधानसभेत पाठवले, आणि ते केवळ मुस्लिम मतांवर शक्य नव्हते. कुणबी, आगरी, कोळी अशा सगळ्यांची मते त्यात होती. पुढे २००९ मध्ये हेच अंतुले लोकसभेला शिवसेनेच्या अनंत गीते यांच्याकडून पराभूत झाले. जवळच्या माणसालाही मत कायमचे आंदण मिळत नाही, हे तेव्हाच दिसले.

माणूस की आघाडी?

त्यानंतरच्या तीन लोकसभा निवडणुकांत गीते आणि सुनील तटकरे समोरासमोर आले. २०१४ मध्ये गीते २,११० मतांनी जिंकले. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष उमेदवारही होता आणि त्याला ९,८४९ मते पडली! २०१९ मध्ये तटकरे ३१,४३८ मतांनी जिंकले. तोवर गीते भाजपच्या मित्रपक्षाचे आणि तटकरे काँग्रेसच्या मित्रपक्षाचे, असे सरळ गणित होते.

२०२४ मध्ये मात्र पाट फिरला. तटकरे अजित पवारांबरोबर भाजपच्या आघाडीत गेले होते, तर गीते उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेतून काँग्रेसबरोबर उभे होते. म्हणजे ज्याने माणूस धरून ठेवला त्याची आघाडी बदलली, आणि ज्याने आघाडी धरली त्याला काल विरोध केलेल्या माणसापुढचे बटण दाबावे लागले. बाप रस्ता-पाण्याची कामे मोजत होता, तर मुलगा देशात काय चालले आहे ते बोलत होता. दोघेही खोटे नव्हते. तटकरे ८२,७८४ मतांनी निवडून आले.

नगरपंचायतीला तर पक्ष आणखी मागे पडतो. तिथे भाऊबंदकी, गटार, नळाचे पाणी आणि रात्री अपरात्री दवाखान्यात गाडी घेऊन येणारा शेजारी, यांवर मत ठरते.

घरात कोण आहे?

कर्ता पुरुष कुवेत, कतार, सौदीत. बंदा मेहनत करतो तिकडे, पण भारतीय पासपोर्ट असूनही तिथून मत देता येत नाही. २०११ पासून परदेशातील नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येते. मत द्यायला मात्र केंद्रावर स्वतः यावे लागते. निवडणुकीसाठी रजा आणि तिकीट कितीजण काढणार? म्हणून गावात मत टाकणारी असते ती आई, बहीण, सून. तरी प्रचाराची बैठक पुरुषांची, आणि जमातीतला निरोप पुरुषांच्या तोंडून. ‘यांना सांगितले की घर झाले’ असे समजणाऱ्या उमेदवाराने चुलीपाशी काय बोलले जाते ते कधी ऐकलेले नसते. पाणी भरणारी बाई आणि फोनवर हुकूम सोडणारा नवरा यांचे मत एकच असेल, असे का धरायचे?

‘माझ्या एका मताने काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांना श्रीवर्धनची २०१४ ची विधानसभा आठवावी. अवधूत तटकरे फक्त ७७ मतांनी निवडून आले. सत्त्याहत्तर! एका मोहल्ल्यातली दहा-पंधरा घरे झाली.

म्हणून मत ही अमानत आहे, ती निरोपावर सोडू नये. जमातीने जरूर सल्ला द्यावा. पण उमेदवाराला मोहल्ल्यात बोलवावे, बायकांनाही त्याला प्रश्न विचारू द्यावेत, आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडावा. त्याआधी यादी पाहावी. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलींसाठी फॉर्म ६, परदेशातल्यांसाठी ६ अ, नावातल्या चुकीसाठी किंवा पत्ता बदलल्यास फॉर्म ८. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहून गेले, तर तिचे मत कुणाच्याच खिशात जात नाही. ते वाया जाते.