पैठणीचा पदर, चपलेचा तळ, गोधडीची पाठ

हिवाळा आला की एका बचत गटाच्या गोधड्या घेऊन मी जत्रेच्या स्टॉलवर बसते. काही गिऱ्हाइकं रंग बघतात, भाव विचारतात आणि पुढं जातात. काही जण मात्र गोधडीचा कोपरा धरून ती उलटी करतात आणि पाठीवरचा धावदोरा बोटानं चाचपतात. असं करणारं माणूस भावावरून सहसा वाद घालत नाही. टाका किती बारीक आहे आणि तो किती वेळा घातला आहे, हे त्याच्या बोटांना कळलेलं असतं. हस्तकलेची वस्तू विकत घ्यायची असो की विकायची, सुरुवात तिच्या उलट्या बाजूपासून करावी, असं मला या इतक्या हिवाळ्यांनंतर वाटतं.

कुठली जत्रा कोणाची

सगळ्या जत्रा सारख्या नसतात. मुंबईत भरणारं महालक्ष्मी सरस हे ‘उमेद’चं, म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं प्रदर्शन. तिथं गावोगावचे महिला बचत गट येतात. पापड, चटण्या, मसाल्यांचा पसारा मोठा असतो आणि त्याच रांगेत घोंगडी, बांबूकाम, वारली चित्रंही सापडतात. पुण्यात डिसेंबरच्या सुमाराला भरणारी भीमथडी जत्रा बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची. तिचा बाज ग्रामीण असतो, लोक चुलीवरचं जेवायला म्हणून येतात आणि जाताना काहीतरी घेऊन जातात. मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून सुरू आहे. तिथं शहरात शिकलेल्या डिझायनरांच्या वस्तू जास्त, म्हणून तिथले भाव आणि तिथलं गिऱ्हाईक दोन्ही वेगळे.

राज्याबाहेरच्या दोन जागा आपल्या कारागिरांना चांगल्या ठाऊक आहेत. हरियाणातला सूरजकुंड मेळा १९८७ पासून फेब्रुवारीत भरतो. दिल्ली हाट १९९४ मध्ये सुरू झालं आणि तिथले गाळे कारागिरांना पाळीपाळीनं मिळतात. दुकान कायमचं कोणाचंच नाही, ही दिल्ली हाटची कल्पना मला फार आवडते. आज तिथं बिहारची मधुबनी असते, पुढच्या पंधरवड्यात त्याच गाळ्यात दुसऱ्या राज्याचं कुणीतरी.

अलीकडे मात्र प्रत्येक जत्रेत व्यापाऱ्यांचे स्टॉल वाढले आहेत. ठोक बाजारातून आणलेला यंत्रावरचा माल ‘हॅण्डमेड’ म्हणून मांडलेला दिसतो. ओळखायला तीन साधे प्रश्न पुरतात. हे कुठल्या गावात केलं? कोणी केलं? किती दिवस लागले? जिनं वस्तू केली ती बाई तिसऱ्या प्रश्नाला क्षणभर थांबते, मनात हिशेब करते आणि मग सांगते. ज्यानं ती नुसती आणली तो चटकन ‘खूप दिवस’ म्हणतो.

वस्तू उलटी करून बघा

पैठणीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिच्यातच होते. येवल्याच्या हातमागावरची पैठणी विणताना पदरावरचा प्रत्येक रंग वेगळ्या कांडीवरून येतो. मोर असो, कमळ असो, पोपट असो, ज्या जागी रंग हवा तेवढ्याच जागी तो धागा फिरतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवला जातो. त्यामुळं पदर उलटा केला तरी नक्षी जवळपास तशीच दिसते. यंत्रमागावरच्या पैठणीत रंगीत धागे पाठीमागून आडवे जातात. ते मोकळे लोंबतात किंवा कापलेले असतात आणि बोटाला खरखर लागते. अशी साडी नेसण्यात काही वाईट नाही. ती स्वस्त असते आणि तिला तिचं गिऱ्हाईक आहे. पण हातमागाच्या भावात ती घेऊ नये. एका हातमागाच्या पैठणीत कारागिराचे कित्येक आठवडे, पदर भरगच्च असेल तर कित्येक महिने गेलेले असतात.

कोल्हापुरी चपलेचा तळ पाहावा. खरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याची असते. तळाचे थर कातडीच्याच वादीनं शिवलेले असतात, त्यात खिळा नसतो. कडेनं पाहिलं की थर मोजता येतात आणि शिवण तळाशी उघडी दिसते. रेक्झिनच्या चपलेला कातड्याचा वास नसतो आणि तिची कड एकसारखी गुळगुळीत असते. नवी चप्पल पायाला चावते म्हणून घाबरू नये. तेल लावून थोडी थोडी वापरली की ती पायाचा आकार घेते. पाण्यापासून मात्र जपावी लागते आणि चांगला विक्रेता हे विकतानाच सांगतो.

घोंगडीची परीक्षा वासाची आहे. दख्खनी मेंढीची लोकर कातून सणगर विणकर ती मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन घट्ट करतात. नवी घोंगडी म्हणूनच कडक आणि बोचरी असते. शंका आली तर सुटलेलं एक धागाभर सूत जाळायला सांगावं. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गाठ होते. मऊमऊ, रंगीबेरंगी ‘घोंगडी’ दिसली तर ती बहुतेक वेळा ब्लँकेटच असते.

वारलीत उलटं करण्यासारखं काही नसतं, तिथं नजर लावावी लागते. मुळात ही चित्रं गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढली जात. लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणि कापडावर नेली आणि जगासमोर ठेवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज कापड आणि अॅक्रिलिक रंग वापरले म्हणून चित्र खोटं ठरत नाही. खोटं ठरतं ते छापलेलं. तारपा नाचाच्या फेरातली दोन माणसं शेजारीशेजारी धरून पाहा. हातानं काढलेली दोन माणसं कधीच तंतोतंत सारखी नसतात, एकाचा गुडघा जरा जास्त वाकलेला असतो. छापलेली सगळी एकाच साच्यातली. विकणारा डहाणू-तलासरी-जव्हारकडचा असेल तर चित्रातली गोष्ट त्याला विचारावी. चौकटीत देवी का बसली आहे, घोड्यावर कोण आहे, हे तो आपणहून सांगायला लागतो आणि तुमची दहा मिनिटं कुठं गेली कळत नाही.

 

नाव आणि चिन्ह

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना. मानांकन नावाचं रक्षण करतं. पण पाटीवर ‘कोल्हापुरी’ लिहिलं म्हणजे विक्रेत्याला त्या नावाचा अधिकार आहे, असं होत नाही. त्यासाठी त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दाखवता येतं. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या फॅशन शोत प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा इथं केवढा संताप झाला. ओरड झाल्यावर कंपनीनं ती प्रेरणा मान्य केली. त्या संतापातला थोडा भाग आपण शेजारच्या जत्रेत खरी चप्पल विकत घेण्याकडं वळवला, तर तो चपला शिवणाऱ्यांच्या घरी पोचेल.

रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागाच्या कापडासाठी हॅण्डलूम मार्क अशी चिन्हं आहेत. ती नाहीत म्हणून माल खोटा ठरत नाही, कारण अनेक छोटे कारागीर नोंदणीपर्यंत पोचलेलेच नाहीत.

भाव सांगण्याआधी तास मोजा

विकणाऱ्या बाया सगळ्यात जास्त इथं चुकतात. कापडाचा, दोऱ्याचा खर्च त्या पैशापैशानं सांगतात. स्वतःच्या हाताचा हिशेब विचारला की म्हणतात, ‘ते काय, दुपारी बसल्या बसल्या केलं.’

एक गोधडी घेऊ. समजा, कापडाला ६५० रुपये लागले आणि दोऱ्याला ८०. शिवायला ६० तास गेले. गावात खुरपणीला दिवसाचे ३५० रुपये मिळतात असं धरू आणि दिवस आठ तासांचा. म्हणजे साडेसात दिवस झाले, मजुरी २,६२५ रुपये. आता जत्रेचा खर्च. प्रवास, राहणं, जेवण, स्टॉलचं भाडं असे १४,००० रुपये झाले आणि आपण ४० गोधड्या नेल्या, तर एकीवर ३५० पडले. बेरीज ३,७०५ रुपये. त्यावर दहा टक्के नफा धरला, तर गोधडी चार हजारांच्या थोडी पुढं जाते.

तीच गोधडी ‘खपावी म्हणून’ १,५०० रुपयांना दिली, तर कापड, दोरा आणि जत्रेचा खर्च जाऊन हातात उरतात ४२० रुपये. साठ तासांना भागले की तासाला सात रुपये. हा आकडा मी पहिल्यांदा वहीवर मांडला तेव्हा गटातल्या बाया बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यानंतर प्रत्येकीनं गोधडीच्या कापडाला एक चिठ्ठी टाचायला सुरुवात केली आणि बसली तेव्हाची वेळ, उठली तेव्हाची वेळ तिच्यावर लिहायला लागली. ही चिठ्ठी म्हणजे भावाची उलटी बाजू आहे.

चार हजारांची गोधडी रोज खपत नाही, हेही खरं. म्हणून तीच शिलाई, तेच चिंध्यांचं काम लहान वस्तूंत उतरवावं लागतं. बाळाचं दुपटं, कुंची, पाकीट, चष्म्याचं घर. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूंवर दिवसाचा खर्च निघतो आणि मोठ्या गोधडीला तिचं गिऱ्हाईक येईपर्यंत थांबता येतं.

स्टॉल मिळवणं आणि मांडणं

बचत गटातली बाई असेल तर सरससाठीचा रस्ता ग्रामसंघ, प्रभाग संघ आणि तालुक्याच्या अभियान कक्षातून जातो. स्वतंत्र कारागिरानं केंद्राच्या विकास आयुक्त, हस्तशिल्प कार्यालयाचं ‘पहचान’ ओळखपत्र काढून घ्यावं. गांधी शिल्प बाजारासारख्या सरकारी प्रदर्शनांना अर्ज करताना ते उपयोगी पडतं. परराज्यात जाताना जीएसटीची भीती वाटते. यादीतल्या हस्तकला वस्तू स्वतः करून विकणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत परराज्यातल्या विक्रीसाठी नोंदणीतून सूट आहे, पॅन मात्र लागतो. पापड-मसाले असतील तर अन्न सुरक्षा नोंदणी आणि पाकिटावर वजन, तारीख, किंमत हवीच.

मांडणीबद्दल माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. माल घडी घालून टेबलावर रचू नका. एक गोधडी डोळ्यांच्या उंचीवर टांगा आणि तिची पाठ बाहेरच्या बाजूला करा. स्वतःचा दिवा न्या, कारण मांडवातल्या पांढऱ्या ट्यूबखाली लाल रंग मेल्यासारखा दिसतो. सुट्टे पैसे, पावतीपुस्तक, कागदी पिशव्या, रात्री झाकायला जाड चादर, हे सगळं आदल्या दिवशीच भरून ठेवावं. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं आणि क्यूआर कोड नुसता टांगलेला राहतो, तेव्हा सुट्टेच कामाला येतात.

आणि हातात काम ठेवा. मोबाइल बघत बसलेल्या बाईपुढं कोणी थांबत नाही. सुई चालू असलेल्या बाईपुढं मुलं थांबतात, मुलांमागून आया थांबतात.

घासाघीस

सकाळची भवानी व्हायच्या आत कोणी भाव पाडून मागितला, तर नाही म्हणायला जीव होत नाही. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवू नये असं आपल्याकडं मानतात. आमच्या गटानं त्यासाठी एक वाट काढली. भवानीच्या गिऱ्हाइकाला भाव तोच, वर एक छोटं कापडी फूल भेट. गिऱ्हाईक हसत जातं, आणि गोधडी जत्रेभर एकाच भावाला राहते. शेजारच्या बाईनं कालच स्वस्तात नेली, असं मग कोणी येऊन म्हणत नाही.

घेणाऱ्यालाही एक विनंती आहे. भाव जास्त वाटला तर लहान वस्तू घ्या. अगदीच नको असेल तर ‘छान आहे, आत्ता जमत नाही’ म्हणून पुढं जा. त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. ‘याला एवढे?’ हे शब्द मात्र सुई हातात असलेल्या बाईला दिवसभर ऐकू येत राहतात.

शेवटची संध्याकाळ

जत्रा संपायच्या दिवशी दुपारनंतर काही लोक मुद्दाम येतात. आता गाठोडं परत न्यायचा खर्च विक्रेत्याला नको असेल, हे त्यांना माहीत असतं. नाशवंत माल असेल तर जरूर कमी भावात द्यावा. गोधडीला मात्र मुदत नसते. ती परत नेता येते, संक्रांतीनंतरच्या प्रदर्शनात परत टांगता येते. परतीच्या भाड्याचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवले, तर शेवटच्या संध्याकाळी हात थरथरत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही वही उघडतो. काय खपलं, काय लोकांनी हातात घेऊन परत ठेवलं, कोणी कुठला रंग मागितला, हे लिहितो. दुसऱ्या पानावर ऑर्डरी असतात. नाव, फोन, माप, आगाऊ घेतलेले पैसे आणि गोधडी कोणी शिवायची तिचं नाव. मागच्या वर्षी त्या पानावर अकरा नावं होती. त्यातली चार त्या बायांची, ज्यांनी आदल्या वर्षी गोधडी उलटी करून पाहिली होती आणि पुढच्या हिवाळ्यात येते म्हणून सांगून गेल्या होत्या.