वाट पाहण्याची किंमत

२०२४ च्या जून महिन्यात रांचीहून एका जुन्या सहकाऱ्याचा दूरध्वनी आला. माझ्या हाताखाली कक्ष अधिकारी म्हणून काम केलेले हे गृहस्थ आता निवृत्तिवेतनावर घर चालवतात. त्यांच्या नातीला दिल्लीजवळच्या एका खासगी निवासी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. शुल्कात निम्म्याहून अधिक सवलत होती. तरीही वर्षाला चार लाख रुपये लागणार होते आणि जागा राखण्यासाठी पहिला हप्ता आठवडाभरात भरायचा होता. मुलीचा ओढा दिल्ली विद्यापीठाकडे होता. पण तेथील प्रवेश ज्या ‘सीयूईटी’ परीक्षेवर अवलंबून, तिचा निकाल लागायचा होता. ‘‘साहेब, आपण स्वतः इतिहास शिकलेले. आपण सांगाल ते करू,’’ एवढे बोलून ते थांबले.

अशा वेळी सहसा प्रश्न विचारला जातो तो ‘दोहोंपैकी चांगले कोणते’ हा. त्याचे उत्तर देणे तितकेसे अवघड नाही. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या दिल्ली विद्यापीठात पदवीच्या सुमारे ७० हजार जागा आहेत. महाविद्यालयांचे शुल्क मध्यमवर्गाला झेपणारे आहे आणि देशाच्या सर्व भागांतील मुले एका वर्गात बसतात. उणीव आहे ती वसतिगृहांची. बहुतेकांना कमलानगर किंवा विजयनगरसारख्या वस्त्यांत खोली शोधावी लागते आणि तिचे भाडे महाविद्यालयाच्या शुल्काला सहज मागे टाकते. उलट, सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारख्या २०१४ नंतर नावारूपाला आलेल्या खासगी संस्थांत वर्ग लहान, निवास परिसरातच आणि विषय बदलण्याची मुभा मोठी. पण वसतिगृहासह वर्षाचा पूर्ण खर्च दहा लाखांच्या पुढे जातो. गरजेनुसार आर्थिक साहाय्य मिळते, परंतु किती, हे ती संस्था ठरवते.

येथे एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जातींसाठी १५, जमातींसाठी साडेसात, इतर मागासवर्गीयांसाठी २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा राखीव आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(५) मुळे खासगी संस्थांतही असे आरक्षण देण्याची मुभा राज्यसंस्थेला आहे. मात्र संसदेने त्यासाठी कायदा केलेला नाही. म्हणजे एकीकडे जागा हा हक्क आहे, तर दुसरीकडे सवलत हे औदार्य आहे. औदार्य कितीही मोठे असले तरी त्याच्या भरवशावर चार वर्षांचा हिशेब मांडताना सामान्य कुटुंबाचा हात अडखळतो.

तरीही रांचीच्या त्या घराचा पेच गुणवत्तेचा नव्हता, पैशांचाही पूर्णपणे नव्हता. तो तारखांचा होता. खासगी विद्यापीठाचे पत्र आधी आले होते आणि सार्वजनिक विद्यापीठाचे उत्तर केव्हा येईल, हे कोणीच सांगू शकत नव्हते.

हे असे का झाले? २०२१ मध्ये दिल्लीतील काही महाविद्यालयांच्या काही अभ्यासक्रमांची प्रवेशमर्यादा १०० टक्क्यांवर पोहोचली होती. निरनिराळ्या शिक्षण मंडळांच्या गुणांची तुलना निरर्थक ठरली होती. त्यामुळे २०२२ पासून सामाईक परीक्षा आणण्यामागील तर्क सबळ होता. अंमलबजावणीत मात्र वेळापत्रक हरवले. पहिल्याच वर्षी निकाल सप्टेंबरच्या मध्यावर लागला आणि दिल्लीत पहिल्या वर्षाचे वर्ग २ नोव्हेंबरला भरले. २०२४ मध्ये निकाल २८ जुलैला आला, तर वर्ग २९ ऑगस्टला सुरू झाले. २०२५ मध्ये निकाल ४ जुलैला आणि वर्ग १ ऑगस्टला, ही सुधारणा निश्चितच स्वागतार्ह. पण खासगी विद्यापीठांची पत्रे त्याच्या कितीतरी आधी घरोघरी पोहोचलेली असतात.

या अंतराचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. संपन्न कुटुंब एका ठिकाणी पैसे भरून निश्चिंत होते आणि दुसऱ्या निकालाची वाट पाहते. त्याच्या हाती दोन्ही पर्याय राहतात. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला मात्र निकालाआधीच एक दार बंद करावे लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाला याची जाणीव नाही, असे नव्हे. २०२४-२५ साठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास एक हजार रुपयांहून अधिक न कापता उरलेले शुल्क परत करण्यास सांगितले होते. धोरण चांगले आहे; परंतु परतावा त्यालाच मिळतो ज्याने आधी पैसे भरले. ज्याच्याकडे भरायलाच नाहीत, त्याच्यासाठी हा नियम कागदावरच राहतो. शैक्षणिक कर्जे सुलभ करणाऱ्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तिचा उपयोग होईल. पण आठवड्याच्या मुदतीत कर्ज हाती पडेल, अशी अपेक्षा बँकेचा अनुभव असलेला कोणीही धरणार नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एक गोष्ट जाणवते. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे उभी राहिली ती मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी. आणि परीक्षा म्हणजेच प्रशासन, ही सवय आपल्याला तेव्हापासून जडली. मॉरिस ग्वायर यांच्या कुलगुरुपदाच्या काळात दिल्लीत तीन वर्षांची पदवी रुजली आणि चिंतामणराव देशमुख यांच्यासारखा अर्थवेत्ता पुढे तेथे कुलगुरू झाला. त्याच विद्यापीठात २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आली, २०१४ मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. आता तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष पूर्ण करता येते. लवचीकता उत्तमच, पण सतरा वर्षांच्या मुलीने चार वर्षांचा निर्णय घ्यावा आणि यंत्रणेने आपली पुढची तारीखही सांगू नये, हे विसंगत आहे.

उपाय फार खर्चिक नाहीत. सामाईक परीक्षेच्या निकालाची तारीख वर्षाच्या आरंभीच जाहीर व्हावी आणि ती बंधनकारक असावी. निकालानंतर किमान दहा दिवस उलटेपर्यंत कोणत्याही विद्यापीठाने जागा राखण्यासाठी पैसे मागू नयेत. परताव्याच्या नियमाला ही एक पुरवणी जोडली तरी पुरे. आणि सार्वजनिक विद्यापीठांनी जागा देतानाच वसतिगृह मिळेल की नाही हेही कळवावे, कारण परगावच्या मुलीसाठी निवासाचा प्रश्न सुटल्याशिवाय प्रवेश पूर्ण होत नाही.

मी त्या आजोबांना थांबायला सांगितले. खासगी जागा गेली. पुढचे सात आठवडे ते घर कसे जगले, हे त्यांनी मला नंतर सांगितले. मुलगी रात्री उठून संकेतस्थळ पाहत असे. ऑगस्टमध्ये तिला दिल्लीत इतिहासाला प्रवेश मिळाला, महाविद्यालय मात्र तिच्या यादीतले सहावे. ती तेथे आनंदात आहे, असे आजोबा सांगतात आणि माझे आभार मानतात. ते आभार मला स्वीकारता येत नाहीत. गुण थोडे कमी पडले असते, तर माझ्या सल्ल्याने तिच्या हाती काहीच उरले नसते. दोन विद्यापीठांतून तिने एकाची निवड केली, असेही मी म्हणणार नाही. एक दार बंद झाल्यावर दुसरे उघडले, एवढेच घडले.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)